नुसतं पान उघडलं तरी कॉम्प्युटर हॅक होतो, हे खरं आहे का? (सोसायटीच्या ऑफिसातल्या मशीनबद्दल सल्ला हवा)

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय. "सरकारचा इशारा, क्रोममधे रिमोट कोड एक्झिक्युशनची त्रुटी, क्रोम ताबडतोब काढून टाका, नुसती वेबसाइट उघडली तरी खातं रिकामं." खाली सर्ट-इनचं (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) नाव. निम्म्या लोकांनी हात जोडलेत, निम्मे म्हणतायत फेक आहे.

मी सेक्रेटरी असल्यामुळे ऑफिसातला कॉम्प्युटर माझ्या गळ्यात आहे. त्यावर काय नाही ते विचारा. सगळ्या सभासदांचे फोन नंबर, भाडेकरूंचे लीव्ह-लायसन्सचे करार, पोलीस व्हेरिफिकेशनसाठी घेतलेले आधार-पॅनचे स्कॅन, मेंटेनन्सचे हिशोब, आणि त्याच ब्राउजरमधून सोसायटीच्या खात्याचं नेटबँकिंग. मशीन जुनं, विंडोज ७. क्रोम उघडलं की वर पट्टी येते की पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल, आणि आमचे मॅनेजर रोज सकाळी उदबत्ती लावायच्या आधी त्या पट्टीवर फुली मारतात.

मला एवढंच नीट समजून घ्यायचंय, काही डाउनलोड केलं नाही, कुठे ओके दाबलं नाही, फक्त पान उघडलं, तरी कोणी आत येऊ शकतं का? आणि येत असेल तर या मशीनचं काय करू? नवीन घ्यायचं तर कमिटीत खर्च मंजूर करून घ्यावा लागेल, आणि "ग्रुपवर आलं होतं" हे कारण मला तिथे सांगायचं नाहीये.

धोबीतलाव

येऊ शकतं. फॉरवर्ड अर्धा खरा आहे. क्रोम काढायचं नसतं, अपडेट करायचं असतं.

लालबागकर

आमच्याकडे वडिलांनी तोच फॉरवर्ड वाचला आणि फोनच बंद करून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सिलेंडरवाला कोड मागत दारात उभा, आणि कोड आलेला कपाटातल्या फोनवर :)

सेक्रेटरीसाहेब, प्रश्न चांगला विचारलात, जाणकार सांगतीलच. मी बसतो इथे.

पवई_तलाव

मी सॉफ्टवेअरमधेच आहे, थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपण पान "बघतो" असं म्हणतो पण ब्राउजर ते बघत नसतो, चालवत असतो. प्रत्येक पानाबरोबर जावास्क्रिप्टचा कोड येतो, तो वेगात चालावा म्हणून क्रोममधलं व्ही८ नावाचं इंजिन त्याचा जागच्या जागी मशीन कोड बनवतं. शिवाय फोटो, फॉन्ट, व्हिडिओ, प्रत्येकाला उलगडणारा वेगळा प्रोग्राम. आणि हे सगळं तुमच्या मशीनवर, अनोळखी माणसाने पाठवलेल्या मालावर. यातलं बरंचसं सी++ मधे लिहिलेलं आहे आणि त्यात मेमरीचा हिशोब प्रोग्रामरने स्वतः ठेवायचा असतो. तो हिशोब चुकला की भोक. गूगलनेच २०२० मधे सांगितलंय की क्रोमियममधल्या (क्रोम ज्या उघड्या कोडवर उभं आहे तो) गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गडबडीतून येतात, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या 'यूज आफ्टर फ्री' प्रकारच्या.

हा प्रकार तुम्हाला सेक्रेटरी म्हणून लगेच कळेल. भाडेकरू खोली सोडून गेला, रजिस्टरमधे नोंद बदलली नाही, मधल्या काळात त्या खोलीत भलताच कोणीतरी येऊन बसला, आणि ऑफिसचा माणूस जुन्या नोंदीवर विश्वास ठेवून तिथे जातो आणि आतल्याने जो कागद पुढे केला त्यावर सोसायटीचा शिक्का मारून येतो. मेमरीतली सोडलेली जागा हल्लेखोर स्वतःच्या डेटाने भरतो आणि ब्राउजर ती जुनी समजून वापरतो. झालं, आता ब्राउजर त्याचं ऐकतो. म्हणजे रिमोट कोड एक्झिक्युशन.

याचं ताजं आणि नीट नोंदलेलं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०२४, फायरफॉक्स. पानावरच्या ॲनिमेशनची वेळ सांभाळणाऱ्या भागात हीच चूक होती. ईसेट कंपनीच्या संशोधकाने ती कळवली आणि मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी, २५ तासांत दुरुस्ती बाहेर काढली. पण तोवर रॉमकॉम नावाची टोळी ती वापरत होती. पान उघडलं की बास, क्लिकसुद्धा लागत नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उगाच घबराट व्हायची. ब्राउजरमधे घुसणं म्हणजे लगेच कॉम्प्युटर हातात येणं नव्हे. पान चालवणारी प्रोसेस सँडबॉक्समधे असते, तिला तुमच्या फाइलींना हात लावायची मुभा नसते. म्हणून हल्लेखोराला तिथून बाहेर पडायला दुसरी त्रुटी लागते. रॉमकॉमने विंडोजच्या टास्क शेड्युलरमधली त्रुटी जोडून वापरली होती. दोन्ही असतील तर मात्र तुमच्या आधार-पॅनच्या फोल्डरपर्यंत रस्ता मोकळा. आणि विंडोज ७ वर ही दुसरी त्रुटी शोधायला फार कष्ट नाहीत हो, कारण मायक्रोसॉफ्टने त्याची सुरक्षा दुरुस्ती कधीच थांबवलीय.

कुर्ला_नेहरूनगर

म्हणजे क्रोम सोडून फायरफॉक्स घेतलं तरी तेच? मी सगळ्यांना फायरफॉक्स घ्या सांगत सुटलोय.

पवई_तलाव

@कुर्ला_नेहरूनगर, फायरफॉक्स चांगलाच आहे, वापरा. पण २०२४ च्या व्हँकुव्हरच्या पॉनटूओन या हॅकिंगच्या स्पर्धेत मॅनफ्रेड पॉल या एकाच माणसाने क्रोम, एज, सफारी आणि फायरफॉक्स चारही फोडून दाखवले होते. स्पर्धेत फोडलेलं कंपनीला सांगतात म्हणून ते आपल्या फायद्याचंच असतं, मोझिलाने दुसऱ्याच दिवशी नवी आवृत्ती काढली. मुद्दा हा की न फुटणारा ब्राउजर नसतो, दुरुस्ती तुमच्या मशीनपर्यंत किती लवकर पोचते एवढंच आपल्या हातात असतं.

दादर_टीटी

थोडा विरोध करतो. या झिरो-डे (कंपनीलाच अजून माहीत नसलेल्या) त्रुटी महागड्या असतात, कोट्यवधींचा बाजार आहे त्यांचा. त्या पत्रकार, विरोधी पक्षाचे लोक, मोठ्या कंपन्या यांच्यावर वापरतात. सप्टेंबर २०२३ ची ॲपलवाली ब्लास्टपास घ्या, टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाला ती वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या फोनमधे सापडली. मार्च २०२५ ची क्रोममधली, कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने पकडलेली, ती रशियातल्या माध्यमांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या लोकांना परिषदेचं आमंत्रण म्हणून लिंक पाठवून वापरली. मुलुंडच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशोबावर कोण एवढा खर्च करणार? आपल्याकडे लोक लुटले जातात ते व्हॉट्सॲपवर आलेल्या ट्रॅफिक चलनाच्या एपीकेने (ॲप बसवायच्या फाइलने) आणि डिजिटल अरेस्टच्या फोनने. सेक्रेटरींनी त्यावर एक मीटिंग घेतली तर जास्त उपयोग.

बोरिवली_फास्ट

@दादर_टीटी, पहिलं वाक्य मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. मी एका ऑफिसात आयटी सांभाळतो आणि मला याच समजुतीशी रोज झगडावं लागतं म्हणून जरा जोरात लिहितोय.

त्रुटी महाग असते ती कोणाला माहीत नसते तोवर. दुरुस्ती बाहेर आली की तिची किंमत पडते, कारण क्रोमियमचा कोड उघडा आहे, काय बदललं ते जगातला कोणीही वाचू शकतो आणि त्यावरून भोक कुठे होतं ते उलट शोधू शकतो. गूगल त्या बगचे तपशील बहुतेक लोकांचं अपडेट होईपर्यंत झाकून ठेवतं ते यासाठीच. दुरुस्ती कोडमधे येणं आणि ती लोकांकडे पोचणं यात पूर्वी सरासरी ३५ दिवस जायचे, २०२० पर्यंत ते १५ च्या आसपास आणले, आणि ऑगस्ट २०२३ पासून, म्हणजे क्रोम ११६ पासून, सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येतात. एवढी घाई गूगल रशियातल्या पत्रकारांपुरती करत नाहीये. जे मागे राहिलेत ते सगळे स्वस्तातलं गिऱ्हाईक होतात, आणि विंडोज ७ वाले तर कायमचे मागे राहिलेत. त्यांचं क्रोम १०९ वर थांबलं, फेब्रुवारी २०२३ मधे ११० आलं ते विंडोज १० पासून पुढेच.

आणि हो, अपडेट "आपोआप होतं" यावर विसंबू नका. ते आपोआप उतरतं, पण लागू होतं ब्राउजर पूर्ण बंद करून उघडल्यावर. आमच्या ऑफिसात लोक शुक्रवारी लॅपटॉपचं झाकण लावतात, सोमवारी उघडतात, तीच विंडो, तेच टॅब, तोच जुना ब्राउजर. वर उजवीकडे तीन ठिपक्यांपाशी रिलाँचचा निरोप हिरव्याचा केशरी होतो, केशरीचा लाल होतो, लाल म्हणजे किमान आठवडा उलटला. लाल करून बसलेली माणसं मी रोज बघतो. शेवटी पॉलिसीच लावली की ठराविक मुदतीनंतर ब्राउजर स्वतः बंद होऊन उघडेल. शिव्या खाल्ल्या, पण काढली नाही.

चारकोप_सेक्टर८

तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. आत्ता बघितलं. तिथे गोल फिरलं आणि रिलाँच आलं. किती दिवस उतरून पडलं होतं देव जाणे. टॅब जातील का?

बोरिवली_फास्ट

@चारकोप_सेक्टर८, साधे टॅब परत येतात. इन्कॉग्निटोमधले येत नाहीत. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर आधी सबमिट करा.

गिरगावातला_सीए

रिटर्नच्या सीझनमधे ही चर्चा वाचताना अंगावर काटा आला. आमच्या धंद्यात एक वेगळीच अडचण आहे. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून सही करायची तर काही पोर्टलं अजूनही जुन्याच सेटिंगवर अडून बसतात. एका पोर्टलच्या हेल्पडेस्कने मला फोनवर सांगितलं होतं, नवीन ब्राउजर काढा आणि जुनं टाका. मी म्हटलं लेखी द्या. दिलं नाही. (नाव लिहीत नाही, सगळ्या सीएंना कळेल.)

बरेच जण यावर तोडगा म्हणून एजमधला इंटरनेट एक्स्प्लोरर मोड वापरतात. एक्स्प्लोरर स्वतः जून २०२२ मधे निवृत्त झाला, पण त्याचं जुनं इंजिन त्या मोडमधे जिवंत आहे. २०२५ मधे हल्लेखोर लोकांना फसव्या पानावर नेऊन "हे पान एक्स्प्लोरर मोडमधे उघडा" असं सांगत होते आणि मग त्या जुन्या इंजिनातल्या त्रुटीतून आत शिरत होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ते एका क्लिकवर उघडायचं बटणच काढून टाकलं, आता साइटचं नाव सेटिंगमधे मुद्दाम टाकावं लागतं. ज्यांच्याकडे तो मोड लागतो त्यांनी तेवढी एकच साइट यादीत ठेवा आणि त्या विंडोत दुसरं काहीही उघडू नका.

ज्यांना इतिहास आठवतोय त्यांच्यासाठी, गूगलवरचा जो ऑरोरा हल्ला जानेवारी २०१० मधे उघड झाला तोही याच एक्स्प्लोररमधल्या त्रुटीतून. तेव्हा जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी लोकांना सांगितलं होतं की दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउजर वापरा. म्हणजे "सरकारचा इशारा" हा प्रकार नवीन नाही, आणि खोटाही नाही.

झेरॉक्सवाला

माझं एका कॉलेजबाहेर झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. दुकानातल्या मशीनवर दिवसभर पोरं येतात, व्हॉट्सॲप वेब उघडतात, हॉलतिकीट, मार्कशीट, आधार प्रिंट करतात, लॉगआउट न करता जातात. कोण कुठली लिंक उघडतं मला कसं कळणार, रांग दारापर्यंत असते.

आमच्याकडेही विंडोज ७ होतं. पुतण्याने त्या जुन्या डब्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून दिलं, प्रिंटर पहिल्या झटक्यात ओळखला, मराठी फॉन्टसाठी मात्र बसावं लागलं. आता ब्राउजर रोज ताजा असतो. पाहुणा खातं वेगळं केलंय, लॉगआउट झालं की सगळं पुसलं जातं. खर्च शून्य. सेक्रेटरीसाहेब, तुमचं मशीन फेकायच्या आधी हे करून बघा.

पार्ले_पूर्व_मृणाल

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आईच्या लॅपटॉपवर एका रेसिपीच्या साइटवर पूर्ण पानभर आलं, "तुमचं क्रोम जुनं झालंय, इथे अपडेट करा", क्रोमचा गोल लोगो, निळं बटण, सगळं हुबेहूब. तुम्ही सगळे अपडेट करा अपडेट करा म्हणताय, तर ते दाबायचं होतं का? तिने मला फोन केला म्हणून दाबलं नाही.

बोरिवली_फास्ट

@पार्ले_पूर्व_मृणाल, आईंना माझा नमस्कार सांगा. ते दाबायचं नव्हतं. ती टोळ्यांची जुनी युक्ती आहे, चांगल्या साइटमधे घुसून तिथे खोटं अपडेटचं पान लावतात आणि बटणामागे व्हायरस असतो. खरा क्रोम कधीही वेबपानाच्या आत अपडेट मागत नाही. अपडेट फक्त मेन्यूतून, फोनवर फक्त प्ले स्टोअरमधून. हे एक वाक्य आईंच्या लॅपटॉपवर चिकटवून ठेवा.

दादर_टीटी

बघा, म्हणजे माणसाला फसवणंच चालतं शेवटी. पण @बोरिवली_फास्ट, जुन्या मशीनचा तुमचा मुद्दा पटला. दुरुस्ती आल्यावर ती त्रुटी स्वस्त होते हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

वरळी_सीफेस

मी आयफोनवर क्रोम वापरतो, तिथे तर काही प्रॉब्लेम नाही ना? आणि घरी पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस आहे.

पवई_तलाव

@वरळी_सीफेस, भारतात आयफोनवरचा क्रोम आतून सफारीच्याच वेबकिट इंजिनावर चालतो, सगळ्याच ब्राउजरना तिथे तेच वापरावं लागतं. त्यामुळे क्रोमचं ॲप अपडेट करून इंजिन बदलत नाही, आयओएस अपडेट करावं लागतं. ब्लास्टपासच्या वेळी दुरुस्ती आयओएस १६.६.१ मधे आली होती.

तेव्हाचीच एक गोष्ट महत्त्वाची. ॲपलने त्रुटी गूगलला कळवल्यावर काही दिवसांतच, ११ सप्टेंबर २०२३ ला, क्रोमला तातडीचा अपडेट काढावा लागला. वेबपी प्रकारचे फोटो उलगडणारी लायब्ररी सदोष होती. तीच लायब्ररी फायरफॉक्समधे, एजमधे आणि ब्राउजर न वाटणाऱ्या कितीतरी डेस्कटॉप ॲपमधे, कारण ती ॲपं आतून क्रोमियमवरच उभी असतात. एक खास बनवलेला फोटो दिसला की पुरे. त्यामुळे फक्त ब्राउजर नाही, ऑफिसच्या चॅटचं ॲप, मीटिंगचं ॲप, तेही बंद करून उघडायची सवय लावा.

अँटिव्हायरस असू दे. तो बाहेरून आलेली फाइल बघतो, ब्राउजरच्या मेमरीत जे घडतं ते तो प्रत्येक वेळी पकडेल याची खात्री नाही. आणि इन्कॉग्निटोचा या सगळ्याशी काही संबंध नाही, कोणी विचारायच्या आधी सांगतो.

मुलुंड_पूर्व

मंडळी, मनापासून आभार. एवढ्या नेमक्या माहितीची अपेक्षा नव्हती. रविवारी कमिटीची मीटिंग होती, इथलं वाचून गेलो होतो. खजिनदारांचं म्हणणं, इतकी वर्षं काही झालं नाही, आताच काय होणार. मी भाडेकरूच्या खोलीचं उदाहरण सांगितलं (पवई_तलाव यांचं, परवानगी न घेता) आणि आधार-पॅनचं फोल्डर उघडून दाखवलं. त्यात खजिनदारांच्याच मुलीच्या फ्लॅटचा करार होता, दोन्ही बाजूंच्या सह्या-अंगठ्यांसकट. मग कोणी काही बोललं नाही, खर्च मंजूर झाला.

पण नवीन मशीन यायला वेळ लागेल, कोटेशन मागवायचीत. तोपर्यंत काय करू? आणि विंडोज १० चं जुनं मशीन एक सभासद फुकट देतायत, ते चालेल का?

बोरिवली_फास्ट

तोपर्यंत या क्रमाने. नेटबँकिंग त्या मशीनवरून आजपासून बंद, पासवर्ड दुसऱ्या, अपडेटेड मशीनवरून बदला. आधार-पॅनचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन कुलुपात ठेवा आणि मशीनवरून काढा, जुन्या भाडेकरूंचं तर ठेवायचंच कशाला. मग नेटची वायर काढा. हिशोबाचं सॉफ्टवेअर नेटशिवाय चालत असेल तर चालू दे. अगदी नेट लागणारच असेल तर फायरफॉक्सची ११५ नंबरची ईएसआर (लांब मुदतीच्या सपोर्टची) आवृत्ती टाका, विंडोज ७ साठी मोझिलाने तिची मुदत एकापेक्षा जास्त वेळा वाढवलीय, पण ती तात्पुरती सोय आहे, खालचं विंडोज जुनं ते जुनंच.

विंडोज १० चं फुकट मशीन घेताना एवढं बघा, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते विंडोज ११ ला चढतंय का तपासा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. चढत नसेल तर झेरॉक्सवाल्यांच्या पुतण्याला बोलवा.

झेरॉक्सवाला

पुतण्या मुलुंडलाच राहतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गिरगावातला_सीए

टोकनने सही करायची असेल तर लिनक्सवर त्या टोकनचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघून घ्या, काहींचा मिळतो, काहींची नुसती रडारड. सोसायटीला सहसा लागत नाही, पण ऑडिटरला विचारा. आणि काही गडबड झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा, वेळ घालवायचा नाही, हा नंबर ऑफिसात भिंतीवर लावा.

नायगाव_बीडीडी

उशिरा आलो. कोणी फोनबद्दल बोललंच नाही. आमच्या घरी बाबांकडे अँड्रॉइड ९ चा फोन आहे, प्ले स्टोअरमधे क्रोम उघडलं तर अपडेटचं बटणच दिसत नाही. म्हणजे अपडेटेड आहे असं समजायचं ना?

पवई_तलाव

@नायगाव_बीडीडी, नाही हो. अँड्रॉइड ८ आणि ९ साठी क्रोम १३८ शेवटचं, त्यानंतरचं त्या फोनवर येतच नाही म्हणून बटण दिसत नाही. ॲपांच्या आत जी पानं उघडतात ती वेबव्ह्यू नावाच्या वेगळ्या भागातून उघडतात, त्याचंही तसंच. फायरफॉक्स टाकून बघा, पण बाबा त्या फोनवर यूपीआय वापरत असतील तर फोन बदलायचं मनावर घ्या.

नायगाव_बीडीडी

वापरतात. दूधवाल्यापासून सगळं. या पगाराला बघतो.